मास्कच्या जाळीतून दिसलेली करुणा

त्या रविवारी सौंसरच्या मैदानावर पांढुर्ण्याची टीम आलीच नाही. मी चुन्याच्या रेषा मारून घेतल्या होत्या, बेस मांडून झाले होते, माझ्या शाळेच्या पोरी आपसात थ्रो करून अंग गरम करत होत्या. जानेवारीची थंडी होती आणि कडेच्या गवतावरचं दव अजून तसंच होतं. मुलींची ही सॉफ्टबॉलची लीग आम्ही दोघींनी सुरू केली तेव्हापासून उशीर करायचा मान आम्हा सौंसरवाल्यांचा. करुणाच्या पोरी चाळीसेक किलोमीटरवरून येऊनही आमच्याआधी किटबॅगवर बसलेल्या असायच्या आणि करुणा कंबरेवर हात ठेवून विचारायची, "झाली का व झोप?" त्या दिवशी कोणीच विचारलं नाही म्हणून मी तिला फोन लावला. उचलला तिच्या वडिलांनी. दिवाकरकाका नगरपालिकेत दिवाबत्तीच्या खात्यात होते. आयुष्यभर खांबावर चढून खालच्या माणसाशी बोलल्यामुळं त्यांचा आवाज कायम मोठा. त्या दिवशी तो इतका खाली गेला होता की मी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं.

"वैशाली... तू पांढुर्ण्याले ये बाई," ते म्हणाले. "करुणा गेली. नागपूरले नेऊन राहिलो होतो. वाटेत सावनेरबी आलं नाही."

मी पोरींना बोलावून सांगितलं की आज मॅच होणार नाही. कारण सांगायचं बाकी होतं. तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, "मॅडम, मंग आपल्याले वॉकओव्हर का?" तिचं काही चुकलं नव्हतं, तिला माहीतच नव्हतं. पण तो प्रश्न पुढं किती तरी दिवस माझ्या कानात राहिला.

करुणा आणि मी पांढुर्ण्याच्या शाळेत आठवीपासून एका वर्गात. मी जवळच्या खेड्यातली, घरी संत्र्याचा बगीचा. ती गावातलीच, बुद्धविहारामागच्या वस्तीतली. तिची आई हंगामात संत्री तोडायला आमच्याच भागात यायची. वर्गात आमचं फारसं बोलणं नव्हतं, कारण करुणा कोणाशीच फारशी बोलत नसे. खेळाच्या तासाला तिला सूट होती. आम्ही मैदानात पळायचो आणि ती पायरीवर बसून आम्हाला बघायची. आमचे डोंगरे सर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक बॅट, काही जुने ग्लोव्ह आणि दोन पिवळे चेंडू घेऊन आले, तेव्हा सॉफ्टबॉल हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. आमच्या गावात फेकणं शिकवायची गरज नाही, असं सर हसत म्हणायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवरून, पांढुर्ण्याचे इकडून अन सावरगावचे तिकडून, एकमेकांवर गोटे चालतात. ते बघतच आम्ही मोठ्या झालेल्या. पण सॉफ्टबॉलचा पिचर चेंडू खांद्यावरून फेकत नाही. हात खालून गोल फिरवून सोडावा लागतो, आणि तिथंच आमची सगळ्यांची गाडी अडली. कोणाचा चेंडू आभाळात जायचा, कोणाचा स्वतःच्याच पायावर आदळायचा.

एकदा असाच एक चेंडू घरंगळत पायरीपाशी गेला. करुणानं तो उचलला आणि बसल्या जागेवरून उठून खालून हात फिरवून माझ्याकडं फेकला. सरळ आला तो. ग्लोव्हमध्ये असा बसला की माझा तळवा झिणझिणला. सर तिच्याकडं बघतच राहिले. "कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. "कोनीच नाही," ती म्हणाली, "हात वर नेला की खांदा दुखते, म्हनून मी सगळं खालूनच फेकतो." त्या दिवशी सरांनी तिला आणखी दहा-बारा चेंडू टाकायला लावले आणि पकडायला मला बसवलं. अशी ती पिचर झाली आणि मी कॅचर.

खांदा का दुखतो, ते तिनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. आमच्या भागात सिकलसेल हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो, प्रत्येक गल्लीत एखादं घर असतंच. तरी तिच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदाच तो आजार समजला. "रक्तातले दाने वाकडे हायेत माहे," ती म्हणाली. "विळ्यासारखे. कुठंबी अडकतात, अन मंग जिथं अडकले तिथं दुखते." एवढं सांगून झाल्यावर तिनं माझ्याकडून वचन वगैरे काही घेतलं नाही. "चाल, टाकतो," म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली.

कॅचर पिचरच्या समोर बसते. बाकीच्या खेळाडू बॅटरकडं बघत असतात, कॅचर मास्कच्या जाळीतून फक्त पिचरला बघते. त्यामुळं करुणाचा चेहरा मी जेवढा बघितला तेवढा तिच्या आईनंही बघितला नसेल. दुखणं येण्याच्या दोन-तीन दिवस आधी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडायचा. चेंडू टाकताना ती खालचा ओठ आत ओढायची. ते दिसलं की मी मुद्दाम बॅटरला घोळात घ्यायचे, बुटाची लेस बांधायचे, उगाच वेळ काढायचे. तिला ते कळायचं आणि तिला ते मुळीच आवडायचं नाही.

दहावीत आमची टीम जिल्ह्याच्या फायनलला गेली. मॅच छिंदवाड्याला, थंडी आमच्याहून जास्त. दिवाकरकाकांनी तिला सोडायला आधी साफ नकार दिला होता. मग डोंगरे सर दोनदा घरी गेले, करुणा दोन दिवस जेवली नाही, आणि शेवटी काका स्वतः सुट्टी टाकून आमच्या गाडीत बसून आले. मॅच चालू असताना ते दोरीपलीकडं उभे होते, हातात करुणाचा लाल स्वेटर. प्रत्येक इनिंगनंतर ते तो तिच्या अंगावर टाकायचे आणि खेळायला जाताना ती तो काढून त्यांच्या हातात द्यायची. चार इनिंग तिनं त्या मुलींना बॅटला चेंडू लागू दिला नाही म्हटलं तरी चालेल. पाचव्या इनिंगमध्ये मला तिचा ओठ आत गेलेला दिसला. मी अंपायरला थांबवून तिच्यापाशी गेले.

"करुणा, सरले सांगू?"

"कोनाले काही सांगू नको. फक्त ग्लोव्ह दाखव, कुठं टाकू ते."

"डोळे बघ तुहे..."

"डोळ्यानं टाकून राहिली का मी?"

इनिंग संपल्यावर मी सरांना सांगितलंच. सरांनी तिला विचारलं, काकांनीही विचारलं. ती हसली. एवढ्या मोकळेपणानं हसली की दोघांनाही ते खरं वाटलं. सहाव्या इनिंगला तिचे चार चेंडू बाहेर गेले, नियमाप्रमाणे बॅटर पहिल्या बेसवर चालत गेली, आणि करुणा पिचरच्या वर्तुळात खाली बसली. पडली नाही, ओरडली नाही. बसची वाट बघून थकलेलं माणूस स्टँडवर बसतं तशी बसली. काका दोरीखालून वाकून मैदानात पळत आले, अंपायर ओरडत होता तिकडं त्यांनी बघितलंही नाही. स्वेटर तिच्याभोवती गुंडाळून त्यांनी तिला उचललं. एवढी मोठी पोरगी, पण त्यांच्या हातात ती हलकी दिसत होती. आम्ही दुसरी पिचर उभी करून मॅच पूर्ण केली आणि हरलो. करुणा आधी छिंदवाड्याच्या, मग नागपूरच्या दवाखान्यात होती. रक्त चढवावं लागलं. ती परत आली तेव्हा दहावीची परीक्षा तोंडावर होती.

काका तिचा ग्लोव्ह घेऊन शाळेत आले. मी तिथंच होते. त्यांनी तो सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, मले माही पोरगी पायजे. कप तुमी ठेवा." करुणा दाराबाहेर उभी होती, तिनं सगळं ऐकलं. त्यानंतर ती वडिलांशी कामापुरतं बोलायची, तेही आईच्या मार्फत. हे बरेच दिवस चाललं, वर्षं म्हटली तरी चालतील. एकदा मी तिला त्यावरून टोकलं, तर म्हणाली, "माहा बाप मले जगवून राहिला अन मी त्याच्यावरच रागावून राहिली, हे समजते मले. पन राग जात नाही व वैशे. कुठून काहाडू?"

पुढं मी बी.एड. केलं, लग्न होऊन सौंसरला आले, शाळेत लागले. करुणा पांढुर्ण्यातच एका खाजगी शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करू लागली. आजारानं तिचा उजवा खुबा खाल्ला, ती लंगडत चालू लागली. एका उन्हाळ्यात ती बस बदलत बदलत माझ्या घरी आली. सोबत डोंगरे सरांची जुनी बॅट होती. सर निवृत्त होताना ती तिलाच देऊन गेले होते. चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "रविवारी काय करतं तू?"

"कपडे धुतो."

"मंग शनिवारी धुवत जा. पोरी जमव. मीबी जमवतो."

अशी लीग सुरू झाली. पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा आणि सावरगाव, चार टीमा. खताच्या पोत्यांत भुसा भरून बेस केले. मैदानासाठी क्रिकेटवाल्या पोट्ट्यांशी भांडणं झाली, तीही करुणानंच केली. लंगडत पिचच्या मधोमध जाऊन उभी राहायची आणि हलायची नाही. पुढं त्यातलेच काही पोट्टे आमच्याकडं आले, त्यांना बेसबॉल हवा होता, खांद्यावरून फेकायचं होतं, तर त्यांच्यासाठी वेगळा तास ठेवला. मजुरीवरून परतणाऱ्या आया कुंपणापाशी थांबून आपापल्या पोरींना बघायच्या. हे सगळं ऐकायला फार छान वाटतं, पण करुणा गोड बाई नव्हती. ती पोरींवर ओरडायची, रडवायची. एका पोरीनं सरावाला दांडी मारून खोटं सांगितलं, तर तिला वर्षभर टीममध्ये घेतलं नाही. तिची आई माझ्यापर्यंत आली, मी रदबदली केली, तरी नाही. "ज्यायचं अंग धड हाय त्यायनं दांडी मारायची?" एवढंच म्हणाली.

या लीगमध्येच प्रशांत आला. लोधीखेड्याचा, कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला. शाळेत असताना खेळलेला, नियम तोंडपाठ, म्हणून आम्ही त्याला अंपायर केलं. शांत माणूस. मॅच संपल्यावर बेस गोळा करायला तो करुणाला मदत करायचा, मग तिला बस स्टँडवर सोडायचा, मग थेट पांढुर्ण्यापर्यंत सोडायला लागला. दोन्ही घरं भेटली, कोणाचीच हरकत नव्हती. अट घातली ती करुणानं, की आधी याचं रक्त तपासायचं. मला सांगायला ती आली तेव्हा मैदानाच्या कडेच्या भिंतीवर बसली होती, आणि तोंड दुसरीकडं करून बोलत होती.

"हाफ हाय तो."

म्हणजे त्याला आजार नव्हता, पण त्याच्या रक्तात तो अर्धा होता. दोघांचं मूल झालं तर त्याला पुरा आजार होण्याची भीती.

"मंग काय झालं? लेकरू नका होऊ देऊ," मी म्हटलं. "तो काय म्हनते?"

"तोबी हेच म्हनते. आज म्हनते. पाच वर्सानं त्याची माय म्हनन, मंग तो गप राहीन, अन मी त्याच्या गप राहन्याकडं पाहत बसू?" तिनं भिंतीवरचा एक खडा उचलून खालून फेकला. "मलेबी लेकरू पायजे होतं व... पन हे दुखनं कोनाले वाटून द्यायचं नाही मले."

प्रशांत दोन वर्षं थांबला. मग त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. अंपायरिंग त्यानं सोडलं नाही. आणि त्यानंतर त्या दोघांचं बोलणं म्हणजे फक्त मैदानावरची भांडणं.

"स्ट्राइक होता तो!" करुणा रेषेबाहेरून ओरडायची.

"बाहेर होता, मॅडम."

"चष्मा लावून या, सर!"

"पुढचा चेंडू, मॅडम."

पोरी खिदळायच्या. त्यांना वाटायचं, या दोघांचं काही जुनं वैर आहे. मी अशा वेळी दुसरीकडं बघायचे. त्याव्यतिरिक्त त्यांना एकमेकांशी एक शब्द बोलताना मी पाहिलं नाही, इतक्या वर्षांत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिची तब्येत उतरतच गेली. दोनदा रक्त चढवलं. शेवटची भेट झाली ती त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात. ती गच्चीवर उन्हात खाटेवर पडली होती, अंगावर दोन शाली. डोळे इतके पिवळे मी कधीच बघितले नव्हते. मी म्हटलं, मॅच पुढं ढकलू. तर म्हणाली, "तुह्या त्या डावखुऱ्या पोरीले आतला चेंडू खेळता येत नाही. मी तेच सांगून ठेवलं माह्या पोरींले. आता ढकलशील तर ती शिकून घेईन." आम्ही दोघी हसलो. निघताना तिनं माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला, असं आता वाटतं. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. शनिवारी तिच्या छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. रविवारी पहाटे काकांनी गाडी केली...

अंत्यसंस्काराला तिच्या टीमच्या सगळ्या पोरी खेळाच्या कपड्यांत आल्या होत्या. कोणी सांगितलं होतं, की त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, कोण जाणे. भंतेजी त्रिशरण म्हणत होते आणि त्या ओळीनं उभ्या होत्या, कोणी रडत, कोणी नुसतीच खाली बघत. प्रशांत रस्त्यापलीकडं मोटरसायकलपाशी उभा होता. पुढं येत नव्हता, जातही नव्हता. काकांनी त्याला बघितलं. ते स्वतः रस्ता ओलांडून गेले आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन आले.

आठवड्याभरानं मी काकांना भेटायला गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता, पाहुणे गेले होते, करुणाची आई आत झोपली होती. काकांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "वैशाली, तवा मी तिचा खेळ बंद केला, ते बरोबर केलं का?"

"तुमी बंद केला म्हनून ती एवढी वर्सं राहिली, काका."

"डॉक्टरबी हेच म्हनतात," ते म्हणाले. "पन त्या वर्सायतली किती वर्सं ती माह्याशी धड बोलली नाही. ते कशात धरायचं?"

मी आत जाऊन झोपलेल्या करुणाच्या आईपाशी बसले.

लीगचं काय होईल, मला माहीत नाही. सावरगावची टीम आधीच विस्कळीत झाली होती, लोधीखेड्याला मुली मिळत नाहीत. पांढुर्ण्यात करुणाच्या जागी कोणी नाही. मधले रविवार रिकामे गेले. मी कपडे धुतले, चादरी धुतल्या, पडदेसुद्धा धुतले. मैदानाकडं जायची इच्छा होत नव्हती. मग मागच्या आठवड्यात पांढुर्ण्याच्या एका पोरीचा फोन आला, ऋतुजाचा. "मॅडम, आमी येऊ का रविवारी?" सोबत एक आई आणि एक काकू घेऊन त्या आल्या, अंपायरिंगला प्रशांतही आला. पण खेळ काही जमला नाही. ऋतुजा पिचिंग करत होती, तिचे चेंडू भरकटत होते, आणि रेषेबाहेरून ओरडणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या इनिंगपर्यंतच त्या पार मागं पडल्या होत्या. माझ्या पोरींनाही जिंकायचा आनंद होईना.

तेव्हा माझं लक्ष गेलं. प्रत्येक इनिंग संपली की पांढुर्ण्याच्या पोरी आधी त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांकडं जात होत्या आणि उभ्या राहून मोजके घोट पीत होत्या, सगळ्या एकदम. एवढ्या गार हवेत तहान कोणाला लागणार? सिकलसेलच्या माणसाला सतत पाणी प्यावं लागतं. अंगात पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि दुखणं उठतं. मैदानावर दर थोड्या वेळानं एकटीनं बाटली तोंडाला लावायची करुणाला लाज वाटायची, म्हणून ती सगळ्या टीमला प्यायला लावायची. हे मला माहीत होतं. पोरींना तिनं कधी सांगितलेलं नव्हतं.

मी ऋतुजाला जवळ बोलावून विचारलं, "एवढ्या थंडीत इतकं पानी कायले पिता व?"

ती बुचकळ्यात पडून माझ्याकडं बघत राहिली. "नियम हाय ना, मॅडम."

"कोनाचा?"

"सॉफ्टबॉलचा," ती म्हणाली आणि बाटली घेऊन परत ओळीत जाऊन उभी राहिली.

माझ्या पोरी आपापल्या जागी पोचल्या होत्या, बॅटर थांबली होती. प्रशांत मास्क हातात धरून त्या बाटल्यांच्या ओळीकडं बघत होता. शेवटच्या पोरीनं पाणी पिऊन झाकण लावलं, बाटली खाली ठेवली. मग त्यानं मास्क चढवला आणि म्हणाला, "प्ले."